द्राक्षमद्याची सहल : जावें कीं न जावें ?

गेल्या महिन्यांत एका परिचित एकत्र कुटुंबांतून माझ्याकडे एक चिठ्ठी आली. घरांत आजी, त्यांचे दोन मुलगे, तीन नातू, नातसुना व पतवंडें असा भरला परिवार. मधल्या नातवाच्या लग्नाला यंदा दहा वर्षें पूर्ण होतात. त्यानिमित्त नवराबायकोनें एक दिवस बाहेर काढावा असें दोघांच्या मनांत आलें. आणि त्यांनीं निवडलेली सहल अशी कीं, द्राक्षाच्या मळ्यावर जावें, तेथें द्राक्षमद्य, म्हणजे ज्याला आज सर्वजण वाईन म्हणतात ती, कशी तयार होते हें माहितगार माणसाच्या तोंडून ऐकावें, चार-पांच प्रकार घोट-घोट चाखून पाहावे आणि दिवेलागणीला घरीं परत यावें. जेवतांना ही गोष्ट निघाली मात्र, आजींनीं हातांतला घास ताटांत ठेवला. "आपल्या घरचीं माणसें आतां तिकीट काढून दारू प्यायला जाणार का ?" एवढेंच त्या बोलल्या. तेव्हांपासून त्या घरांत हा विषय कोणी काढीत नाहीं. नातसूनबाईंनीं मात्र मला लिहून विचारलें आहे कीं, चूक कोणाची, आजींची कीं आमची ?

निवृत्त शिक्षकाकडून लोक दोन गोष्टींची अपेक्षा करतात. शुद्धलेखन आणि निवाडा. पैकीं पहिलें सोपें आहे.

आजींच्या बाजूनें आधीं बोलतों, कारण या वादांत त्यांच्या बाजूचा वकील कोणी दिसत नाहीं. सुरापान हें आपल्या धर्मशास्त्रानें महापातकांत घातलें आहे. मनूनें सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगून तिन्ही ब्राह्मणाला वर्ज्य ठरविले. गुळाची ती गौडी आणि पिठाची ती पैष्टी, यांत वाद नाहीं. माध्वी म्हणजे मोहाची, मधाची कीं द्राक्षाची, याविषयीं मात्र टीकाकारांत एकवाक्यता नाहीं. आणि या मतभेदाच्या फटींतून द्राक्षमद्याला शास्त्राची संमति मिळवून देणारे पंडित मला भेटले आहेत. मला त्यांचा युक्तिवाद पटत नाहीं. ज्याला प्यावयाचें असेल त्यानें आपल्या जबाबदारीवर प्यावें. टीकाकारांना साक्षीला ओढूं नये. शिवाय आजींचा विरोध हा कांहीं ग्रंथांतून आलेला नसतो. दारूनें बसलेलीं घरें त्यांच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलीं आहेत, आणि त्या घरांतून पदराखालीं भांडीं झांकून विकायला नेणाऱ्या बायकाही पाहिल्या आहेत. थोडी वाईन हृदयाला हितकर असते म्हणून जें सांगितलें जातें, त्याचाही आधार आतां फारसा राहिलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्टच म्हटलें कीं, मद्याचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें सांगतां येत नाहीं. तेव्हां आजींना अडाणी समजण्याचें कारण नाहीं.

आतां नातवाच्या बाजूचें. 'दारू' या एका शब्दांत सगळें कोंबणें हें आपल्या भाषेच्या दारिद्र्याचें लक्षण आहे, संस्कृताच्या नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे भेद सांगितले आहेत. यांतला शेवटचा 'मधु' म्हणजे मध नव्हे. द्राक्षाचा रस मुरवून होणारें पेय तें मधु. कौटिल्य पुढें असेंही सांगतो कीं, हें पेय ज्या देशांत होतें त्या देशाच्या नांवानें ओळखलें जातें. एक कापिशायन, दुसरें हारहूरक. कापिशी ही नगरी आजच्या अफगाणिस्तानांत, काबूलच्या उत्तरेस होती. 'कापिशायन' हा शब्द सिद्ध करण्यासाठीं पाणिनीला एक स्वतंत्र सूत्र रचावें लागलें आहे, यावरून त्या मालाचा बोलबाला किती असेल हें समजतें. फ्रान्समध्यें वाईनला प्रदेशाच्या नांवानें ओळखतात, शांपेनची ती शांपेन, म्हणून आपण कौतुक करतों. ती रीत आपल्या वैयाकरणांना अपरिचित नव्हती.

आणि दुसरें असें कीं, ज्या घरांत वाईन या शब्दानें घास थांबतो, त्याच घरांतल्या औषधाच्या फडताळांत द्राक्षासवाची नाहीं तर दशमूलारिष्टाची बाटली बहुधा असते. बाळंतिणीला तें आजीच आपल्या हातानें देतात. आसव आणि अरिष्ट यांत धायटीचीं फुलें व गूळ घालून जें आंबवणें होतें, त्यानें मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. बहुधा शेंकडा पांच ते दहा. वाईनमध्यें तो बारा-चौदा असतो. भेद मात्रेचा व हेतूचा आहे, आणि तो मोठाच भेद आहे. औषध चमच्यानें घेतात, गप्पा मारीत पेल्यानें घेत नाहींत. तरीही कृति एकच आहे. आंबवण्याच्या बीजाला कौटिल्य 'किण्व' म्हणतो, आणि शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मुलें आजही किण्वन हाच शब्द शिकतात.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे तो एवढ्यापुरता कीं, २००६ सालच्या फेब्रुवारींत आम्ही उभयतां अशी सहल करून आलों होतों, आणि तीही लांब कोठें नव्हे, आमच्याच पुणें जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं. शामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तेथें द्राक्षमद्याचा कारखाना काढला होता. फ्रान्सच्या पिपर-हाइडसिक या जुन्या पेढीचें तांत्रिक साह्य घेऊन त्यांनीं शांपेनच्या पद्धतीची फेसाळ वाईन तयार केली. 'ओमर खय्याम' या नांवानें ती परदेशीं विकली गेली. नाशिकचें नांव वाईनशीं जोडलें जाण्यापूर्वीं हा मान नारायणगांवचा होता, हें नव्या पिढीला फारसें माहीत नसतें.

मीं तर त्याच्याही मागें जावें म्हणतों, कारण जुन्नरला गेल्यावर मागें न जाणें मला कधींच साधलें नाहीं. सातवाहनांच्या काळीं हें मोठ्या पेठेचें गांव. कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून येथें येई. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण घाटाच्या माथ्यावर अजून आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेली 'पेरिप्लस' नांवाची सागरप्रवासाची वही प्रसिद्ध आहे. भडोच बंदरांत कोणता माल खपतो हें सांगतांना त्यानें आरंभींच वाईनचें नांव घेतलें आहे. इटलीची लोकांना अधिक आवडते, लाओडिकेची व अरबस्थानचीही येते, असा तपशील तो देतो. तेथल्या राजाचें जें नांव त्यानें दिलें आहे तो क्षत्रप नहपान, असें बहुतेक विद्वान मानतात. आणि याच नहपानाच्या अयम नांवाच्या वत्सगोत्री अमात्यानें दिलेल्या टांक्याचा व मंडपाचा शिलालेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरांत आहे. नेवाशाच्या उत्खननांत आणि घारापुरीच्या किनाऱ्यावर दोन कानांच्या उंच रोमन कुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत. असले कुंभ समुद्रावरून वाईन आणि तेल वाहून नेण्यासाठीं घडवीत. तेव्हां परदेशी द्राक्षरस घाटावर येत होता, याविषयीं शंका नको. जुन्नरच्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणविणाऱ्या तिघां दात्यांचे लेखही आहेत. चिट यानें भोजनमंडप दिला, चंद यानें गर्भद्वार दिलें, आणि इरिल यानें दोन टांकीं दिलीं. समुद्रापलीकडच्या वंशाच्या त्या माणसानें येथें येऊन दान केलें तें पाण्याचें, ही गोष्ट मला नेहमीं गोड वाटते.

असो. आमच्या सहलीचें सांगतों. पुण्याहून सकाळीं निघून चाकण, राजगुरुनगर, मंचर असें करीत नारायणगांवीं पोहोंचेपर्यंत दोन-अडीच तास लागले. आम्हांला माहिती देणारा तरुण शेतकी पदवीधर होता, आणि पाठ केलेलें बोलतांना तो इंग्रजी बोले, आपल्या मनचें सांगतांना मराठी. त्याचें मराठी फार चांगलें होतें.

प्रथम त्यानें बाग दाखविली. तारांवर चढविलेल्या वेली, त्यांना लहान लहान, दाट घड. एक मणी तोडून त्यानें आमच्या हातावर ठेवला. साल जाड, आंत दोन बिया, गर थोडा, परंतु गोडी अशी कीं खाण्याच्या द्राक्षांत ती कधीं अनुभवली नव्हती. खाण्याच्या द्राक्षांत साखर अठरा अंशांच्या आसपास असली तरी चालते, वाईनसाठीं ती बावीस-चोवीस अंश लागते, असें त्यानें सांगितलें आणि रसाचा थेंब एका नळीवजा यंत्राच्या कांचेवर टाकून, तें उजेडाकडे धरून, प्रत्यक्ष मोजून दाखविली. युरोपांत थंडीनें वेल झोपी जाते व वर्षांतून एकदांच छाटली जाते. दख्खनची हवा वेलीला झोपूं देत नाहीं. म्हणून येथें छाटणी दोनदां. एप्रिलची ती खरड छाटणी, तिनें काडी तयार होते. आणि ऑक्टोबरची ती गोडी छाटणी, तिनें फळ धरतें. 'गोडी छाटणी' हा शब्द ऐकून माझ्या सौ.नें मान डोलावली. असले शब्द शेतकऱ्याशिवाय दुसरा कोणी घडवूं शकत नाहीं.

पुढें कारखाना. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा रंगहीनच असतो, रंग सगळा सालींत, ही गोष्ट मला नवीन होती. पांढऱ्या वाईनला रस सालीपासून लगेच वेगळा काढतात. तांबडीला सालीसकट आंबूं देतात, म्हणून तिला रंगही येतो आणि तुरटपणाही. आंबतांना उष्णता उत्पन्न होते, आणि आपल्याकडे काढणी फेब्रुवारी-मार्चांत, म्हणजे ऊन चढूं लागतें तेव्हां. म्हणून द्राक्षें पहांटे तोडावयाचीं आणि पोलादी टांक्यांना बाहेरून गार ठेवावयाचें. एका बाटलीला किलोभर, क्वचित् थोडीं अधिक, द्राक्षें लागतात. तळघरांत ओकच्या लांकडाचीं पिंपें ओळीनें मांडलेलीं होतीं. तेथला गारवा व वास यांमुळें मला एकदम आमच्या गांवच्या वाड्यांतल्या बळदाची आठवण झाली.

फेसाळ वाईनची कृति मात्र पाहण्यासारखी होती. तयार वाईन बाटलींत भरून तिच्यांत थोडी साखर व किण्व घालतात आणि बूच ठोकून ठेवून देतात. आंत पुन्हां आंबणें सुरू होतें. उत्पन्न होणाऱ्या वायूला बाहेर पडावयास वाट नसते, म्हणून तो रसांतच मुरतो. याप्रमाणें फेस झाला, परंतु तळाशीं गाळ राहतो. तो काढावयाचा कसा ? बाटल्या भोंकें पाडलेल्या तिरप्या फळ्यांत मान खालीं करून अडकवितात आणि एक माणूस रोज प्रत्येक बाटलीला थोडा पीळ देऊन थोडी अधिक उभी करतो. कांहीं आठवड्यांनीं सगळा गाळ बुचाशीं येऊन बसतो. मग बाटलीची मान तेवढी गोठवून बूच उघडतात. आंतला वायूच गाळाचा गोठलेला खडा बाहेर फेकून देतो. त्या वेळीं बाटल्या फिरविणारा एक इसम दोन्ही हातांनीं दोन दोन बाटल्या एका लयींत फिरवीत होता. खणखण असा बारीक आवाज होई. त्यानें आमच्याकडे पाहिलेंही नाहीं.

नंतर चाखण्याचा विधि. विधि हाच शब्द योग्य, कारण त्यांत क्रम मोडलेला चालत नाहीं. पांच पेले, प्रत्येकांत बोटभर वाईन, आणि शेजारीं थुंकण्यासाठीं एक भांडें. प्रथम पेला पांढऱ्या कापडापुढें धरून रंग पाहावा. मग गोल फिरवून वास घ्यावा. मग एवढासा घोट जिभेवर खेळवावा आणि भांड्यांत टाकून द्यावा. परीक्षक दिवसभर अशा पन्नास वाईनी तपासतात व शुद्धीवर घरीं जातात, तें या भांड्याच्या जोरावर. मीं याच रीतीनें केलें. सौ. चाखणार नाहीं असें घरूनच ठरवून आली होती, ती म्हणाली, "मी वास तेवढा घेतें." मद्याचा वास घेणें हेंही मनूनें दोषांत गणलें आहे, हें मला ठाऊक होतें, परंतु तें सांगण्याची ती वेळ नव्हती.

आणि खरी परीक्षा तिनेंच केली. पहिल्या पांढऱ्या पेल्याला नाक लावून ती म्हणाली, "पेरू. आणि ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तो वास." त्या तरुणाच्या तोंडाकडे पाहण्यासारखें झालें. सोव्हिन्यों ब्लां या जातीच्या द्राक्षाची हीच खूण ग्रंथांतून सांगितली आहे. तो स्वतः मात्र पाठ केल्याप्रमाणें 'गूजबेरी, गूजबेरी' म्हणत होता. सौ.नें विचारलें, "तें फळ तुम्हीं पाहिलें आहे का हो ?" त्यानें पाहिलें नव्हतें. तांबड्या पेल्याला तिनें जांभूळ, ओली माती आणि जुन्या पेटाऱ्याचा वास अशीं तीन नांवें दिलीं, आणि त्या तरुणानें तीं वहींत टिपून घेतलीं. चाळीस वर्षें स्वयंपाकघरांत वावरलेल्या आयांनीं-आज्यांनीं हें काम केलें तर या धंद्याला मराठी शब्दांचा केवढा सांठा मिळेल, असें तेव्हांपासून माझ्या मनांत आहे. परंतु आज्यांना तेथें बोलावणार कोण ?

इतकें झाल्यावर सौ.नें एक प्रश्न विचारला, आणि या लेखांत मला मुख्यत्वें सांगावयाचें आहे तें त्या प्रश्नाविषयींच. ती म्हणाली, "हीं बारीक, बियांचीं द्राक्षें कारखान्यानें घेतलीं नाहींत तर शेतकरी कोणाला विकतो ?" त्या तरुणानें क्षणभर विचार करून प्रामाणिकपणें उत्तर दिलें. "कोणालाच नाहीं, काकू."

सहलीला जाणारीं माणसें पेल्याचा विचार करतात, घरीं राहिलेलीं वडील माणसेंही पेल्याचाच विचार करतात. या एका उत्तराकडे दोघांचेंही लक्ष जात नाहीं. खाण्याच्या द्राक्षाला शंभर गिऱ्हाइकें असतात. पुण्याचा व्यापारी आला नाहीं तर मुंबईचा येतो, तोही नाहीं तर रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसतां येतें, अगदींच पडलें तर बेदाणा होतो. वाईनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एक. ज्यानें करार केला तो. वेल लावल्यापासून पुरतें फळ यावयाला दोन-तीन वर्षें जातात. तेवढा काळ शेतकऱ्यानें त्या एका माणसाच्या शब्दावर जगावयाचें. आणि फळ पिकलें कीं तें थांबत नाहीं. साखर नेमक्या अंशावर आली कीं चार-सहा दिवसांत तोडलें पाहिजे. भाव ठरविण्याच्या वेळीं कोण अडलेला असेल हें वाचकांनीं ओळखावें.

महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण काढलें, नाशिक जिल्ह्यांत विंचूरला व सांगलीकडे पलूसला त्यासाठीं जागा राखल्या, करांत सवलती दिल्या. कारखाने भराभर निघाले आणि वेलीही भराभर लागल्या. पुढें २००८ सालीं जगभर मंदी आली, त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, परदेशी प्रवासी येईनासे झाले आणि हॉटेलांतला खप बसला. मागच्या हंगामाची वाईन टांक्यांत पडून, आणि नव्या हंगामाचीं द्राक्षें वेलीवर तयार ! नारायणगांवची ती कंपनीही कर्जांत बुडाली आणि पुढल्या कांहीं वर्षांत मुंबई उच्च न्यायालयानें ती गुंडाळण्याचा हुकूम केला. महाराष्ट्रांत अनेक शेतकऱ्यांनीं वाईनच्या वेली उपटून पुन्हां खाण्याचीं द्राक्षें लावलीं. जुन्नरचें नांव आज बाजारांत आहे तें 'जंबो' या काळ्या, टपोऱ्या, बिनबियांच्या द्राक्षासाठीं. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां शेतकऱ्याचें हित हें कारण पुढें करण्यांत आलें. अण्णा हजारे यांच्यासारख्यांनीं विरोध केला तो व्यसनाचें कारण सांगून. दोन्ही बाजूंचीं भाषणें मीं लक्षपूर्वक वाचलीं. करार मोडला तर वेलीचें काय, हा सौ.चा प्रश्न मला तरी त्यांत कोठें आढळला नाहीं.

आतां निवाडा. माझ्या मतें त्या उभयतांनीं जावें. नारायणगांवचा तो २००६ सालचा दिवस आतां तसा मिळणार नाहीं. परंतु नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूस 'सुला' च्या मळ्यावर २००५ पासून पाहुण्यांना असें फिरवून दाखविण्याची व चाखविण्याची सोय झालेली आहे, आणि तेथें पुष्कळ जोडपीं जातात. जावें, पण आजींना सांगून जावें. 'मैत्रिणीकडे जातों' म्हणून जाणें हें पेल्यापेक्षां वाईट. गाडी चालविणारानें एक थेंबही जिभेवर ठेवूं नये; दोघांपैकीं एकानें तो दिवस कोरडा काढावा, नाहीं तर गाडीवाला करावा. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याप्रमाणें मद्य घेणाऱ्याला परवाना लागतो, तोही विचारून घ्यावा. थुंकण्याच्या भांड्याची लाज धरूं नये. तेथें तेंच शहाणपणाचें लक्षण समजतात. बाटली विकत घेऊन घरांत आणूं नये, निदान आजी आहेत तोंवर तरी. घर त्यांचेंही आहे. आणि माहिती देणाऱ्याला सौ.चा तो प्रश्न अवश्य विचारावा.

आजींना माझी विनंती एवढीच कीं, नातू परत आल्यावर त्याच्याशीं दोन दिवस अबोला धरण्यापेक्षां नातसुनेला जवळ बसवून काय काय पाहिलें तें विचारावें. खरड छाटणी आणि गोडी छाटणी हे शब्द त्यांना आवडतील.

याच जोडप्याला नाशिकऐवजीं जुन्नरचा दिवस काढावयाचा असेल तर तोही फुकट जाणार नाहीं, मात्र त्यांत पेला नसेल. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत बागा भरलेल्या असतात. सकाळीं मानमोडीचीं लेणीं पाहावीं, दुपारीं एखाद्या बागेंत जावें आणि येतांना थोडी वांकडी वाट करून आंबेगांव तालुक्यांत शिरावें. मंचरहून घोडेगांवावरून डिंभ्याकडे रस्ता जातो. घोड नदीवर तेथें धरण आहे, आणि ज्या गांवावरून तालुक्याला आंबेगांव हें नांव पडलें तें मूळचें आंबेगांव त्या धरणाच्या पाण्याखालीं आहे. तालुक्याचीं कचेऱ्या-कोर्टें घोडेगांवीं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलें आहे. ते याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे, परदेशी कापडाची मालमोटार अडवितांना १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत त्यांनीं प्राण दिले. डिंभ्याचा डावा कालवा नारायणगांवाजवळच्या येडगांव धरणाकडे जातो, आणि कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांचें मिळून जें पाणी फिरतें त्यावर या भागांतल्या बागाईताचा भार आहे. द्राक्षाचा घड हातांत घेतांना तें पाणी कोठून आलें हें ठाऊक असावें, म्हणून ही वाट सांगितली.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां याच वाटेनें गेलों होतों. नारायणगांवापासून थोड्या अंतरावर एका बागेपाशीं गाडी थांबविली. बागेचे मालक साठीच्या पुढचे, आमच्याच वयाचे. बोलतां बोलतां समजलें कीं, त्यांच्याही दीड एकरांत पूर्वीं वाईनच्या वेली होत्या, एका कारखान्याशीं करार होता, आणि एका हंगामांत माल घ्यावयाला कोणी आलेंच नाहीं. घड वेलीवरच सुकले. पुढच्या पावसाळ्याआधीं त्यांनीं वेली मुळासकट काढल्या. आतां तेथें काळीं द्राक्षें होतीं. मीं विचारलें, यांतही अवकाळी पावसाचें, गारांचें भय आहेच कीं ? ते म्हणाले, "भ्या तर हायेच, मास्तर. पर ही इकली न्हाई ग्येली तर घरची पोरं तरी खात्यात, पाव्हण्याला तरी द्येता येत्यात. ती काय कोण खाईना."

मग त्यांनीं वेलीच्या सावलींत बसून आमच्यासाठीं दोन पेट्या भरल्या, वर कागद घातला, आणि पैसे मोजून घेतांना सौ.ला बजावून सांगितलें कीं, घरीं गेल्यावर सगळीं एकदम धुवूं नका, जेवढीं खायचीं तेवढींच काढून धुवा, म्हणजे आठवडाभर टिकतील.